शब्दसूची प्रकल्प: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या नोंदी

२ जून

आमचा ‘शब्दसूची’ प्रोग्रॅम रात्री आपोआप मजकुरातल्या शब्दांची यादी करतो. ती यादी पुन्हा चुकली. ‘कलम’च्या पाठोपाठ ‘कळस’, मग ‘कवच’, ‘कसब’, ‘कहर’. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे ‘कळस’ची जागा ‘कहर’च्या खाली. युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या यादीत) मात्र ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५ आणि व चा २३५७. नुसत्या कोडक्रमांकांवर शब्द लावले की ळ वर चढून बसतो. रात्री आमची वर्णक्रमाची सारणी वापरलीच गेली नाही, हे उघड आहे.

सारणी वापरायची की नाही हे प्रोग्रॅम ‘सूची_क्रम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या ‘नाव=किंमत’ अशा नोंदीवरून) ठरवतो. त्यात ‘मराठी’ असेल तर सारणी, व्हेरिएबल नसेल तर कोडक्रमांक. दिवसा मी हाताने चालवते तेव्हा यादी बिनचूक येते. प्रोग्रॅम तोच, फाइली त्याच, मशीनही तेच. ही यादी पुढे कोशाच्या कामाला जाणार आहे. एक ळ चुकीच्या जागी बसला तर शोधणाऱ्याला शब्द सापडणारच नाही, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे बघते.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवते आहे; टंकायच्या अर्थातच रोमनमध्ये.)

३ जून

काल क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) एक ओळ जास्तीची टाकली होती:

एन्व्ह | सॉर्ट > /टीएमपी/रात्र.टीएक्सटी

सकाळी फाइल उघडली. ‘एन्व्ह’ म्हणजे सगळी व्हेरिएबलं छापणारी कमांड. माझ्या टर्मिनलमध्ये ते ४३ ओळी दाखवतं, क्रॉनमध्ये फक्त ५: होम, लॉगनेम, पाथ, पीडब्ल्यूडी, शेल. त्यातला पाथसुद्धा (प्रोग्रॅम कुठे शोधायचा ती फोल्डरांची यादी) /यूएसआर/बिन:/बिन एवढाच. सूची_क्रमचा पत्ता नाही.

क्रॉन माझ्या लॉगिनच्या फाइली वाचत नाही, बॅश या माझ्या शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बॅशआरसी या सुरुवातीच्या फाइलीच्या वाटेला जात नाही. नव्या प्रोसेसला (चालू झालेल्या प्रोग्रॅमला) जे मिळायचं ते तिला सुरू करणाऱ्याकडूनच मिळतं. कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) प्रोग्रॅम सुरू करायची ‘एक्झेक्व्हीई’ ही हाक जाते तेव्हा तीन गोष्टी दिल्या जातात: प्रोग्रॅमचा मार्ग, आर्ग्युमेंटं (कमांडच्या पुढे लिहिलेले शब्द), आणि ‘नाव=किंमत’ अशा ओळींचा गठ्ठा. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून हे असंच चालत आलं आहे. तो गठ्ठा म्हणजे प्रत असते. मुलाने (म्हणजे सुरू झालेल्या प्रोसेसने) आपल्या प्रतीत कितीही खाडाखोड केली तरी पालकाच्या वहीत काही उमटत नाही. आणि पालकाकडेच नसेल तर मुलाकडे येणार कुठून?

४ जून

दर वेळी रात्रीची वाट बघत बसणं शक्य नाही. क्रॉनची ती रिकामी खोली दिवसाढवळ्या उभी करता आली पाहिजे. त्यासाठी एन्व्हचा -आय हा पर्याय आहे: वारशाने आलेलं सगळं बाजूला ठेवा आणि मी दिलेलं तेवढंच पुढे पाठवा.

एन्व्ह -आय एन्व्ह

एक ओळसुद्धा छापली जात नाही. स्क्रीनवर पुढचा प्रॉम्प्ट येतो, बस. हेच ‘एन्व्ह -आय बॅश -सी एन्व्ह’ असं केलं तर तीन ओळी दिसतात: पीडब्ल्यूडी, एसएचएलव्हीएल आणि नुसती अधोरेखा नाव असलेली एक. त्या बॅशने स्वतः घातलेल्या असतात. आधी वाटलं -आय नीट चालत नाही; मधून बॅश काढून टाकल्यावर उलगडा झाला.

मग आमचा प्रोग्रॅम:

एन्व्ह -आय शब्दसूची मजकूर/

प्रोग्रॅम सापडलाच नाही, एक्झिट कोड (कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा) १२७. पाथच गेल्यावर माझ्या घरच्या बिन फोल्डरमध्ये कोण बघणार? (सापडला पण चालवता आला नाही तर १२६, आणि खुद्द एन्व्हचंच काही बिनसलं तर ग्नूचं एन्व्ह १२५ देतं. स्क्रिप्टमध्ये हे तीन आकडे वेगवेगळे ओळखता आले तर बराच वेळ वाचतो.) शेवटी क्रॉनसारखंच मांडलं:

एन्व्ह -आय होम="$होम" पाथ=/यूएसआर/बिन:/बिन ~/बिन/शब्दसूची मजकूर/

हुबेहूब रात्रीची यादी. कलम, कळस, कवच. त्याच ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी सूची_क्रम=मराठी घातलं आणि कळस खाली उतरला. दोन दिवसांचं कोडं दोन मिनिटांत हातात आलं. रात्री बिघडणाऱ्या कुठल्याही कामासाठी इथून पुढे हीच माझी पहिली कमांड.

५ जून

सहकाऱ्याला त्याच्या मशीनवर बसवून दाखवत होते. एका कमांडपुरतं व्हेरिएबल द्यायला शेलमध्ये एन्व्हसुद्धा लागत नाही, नाव=किंमत कमांडच्या आधी लिहिलं की झालं:

सूची_क्रम=मराठी शब्दसूची मजकूर/

त्याने खात्री करायला म्हणून हे टंकलं (इको म्हणजे दिलेलं छापणारी कमांड, डॉलर म्हणजे ‘या नावाची किंमत इथे घाल’):

सूची_क्रम=मराठी इको "$सूची_क्रम"

कोरी ओळ. “ताई, लागतच नाहीये हे.”

“लागलंय रे. तू विचारलंस चुकीच्या माणसाला.”

इथे बहुतेक सगळेच अडखळतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. शेल ओळ वाचतं तेव्हा आधी डॉलरवाले शब्द उलगडतं. त्या क्षणी त्याच्या स्वतःकडे सूची_क्रम नाहीच, म्हणून तिथे रिकामी जागा बसते. नवी किंमत लागते त्यानंतर, आणि तीही इकोपुरती. इकोला किंमत मिळाली खरी, पण त्याच्या हातात छापायला दिलेला शब्द आधीच रिकामा झालेला होता. विचारायचं तर ज्याला व्हेरिएबल दिलं त्यालाच विचारायला हवं:

सूची_क्रम=मराठी प्रिंटएन्व्ह सूची_क्रम

किंवा

सूची_क्रम=मराठी एसएच -सी 'इको "$सूची_क्रम"'

बाहेरचं अवतरण एकेरीच हवं. दुहेरी केलं की आतला डॉलर बाहेरचं शेलच उलगडून टाकतं आणि पुन्हा कोरी ओळ.

त्याच बैठकीत आणखी एक सापडलं. ‘सूची_क्रम= शब्दसूची’ असं बरोबरच्या चिन्हापुढे काहीच न लिहिता चालवलं, तर व्हेरिएबल असतं पण रिकामं असतं. ते मुळीच नको असेल तर ‘एन्व्ह -यू सूची_क्रम शब्दसूची’. आमचा प्रोग्रॅम नुसतं ‘आहे का’ एवढंच बघत होता, त्यामुळे रिकाम्या किमतीला ‘अनोळखी क्रम’ म्हणून थांबत होता. रिकामं म्हणजे नसल्यासारखंच, असा बदल केला.

७ जून

कालची आणि आजची यादी ताडून नवे शब्द काढायची स्क्रिप्ट. त्यात ही ओळ होती (सॉर्ट ओळी क्रमाने लावतं, उभी रेघ म्हणजे पाइप, तो एकाचा निकाल पुढच्याला देतो, कॉम दोन याद्या ताडतं):

एलसी_ऑल=सी सॉर्ट आज.यादी | कॉम -१३ काल.यादी -

कॉमने तक्रार केली की फाइल क्रमाने लावलेली नाही. सॉर्ट तर नुकताच केलाय! पण पाइपच्या पुढ्यात लिहिलेलं व्हेरिएबल पाइपच्या पहिल्याच कमांडला मिळतं. सॉर्टने बाइटच्या क्रमाने लावलं, कॉम माझ्या लोकॅलच्या (भाषेच्या मांडणीच्या) क्रमाने तपासत राहिलं. ‘&&’ या दोन अँडच्या पलीकडच्या कमांडलाही असंच काही मिळत नाही. आणि काल.यादी तर आमच्या मराठी क्रमानेच लावलेली, ती दोघांनाही पटणारी नव्हती.

एलसी_ऑल का, तर भाषेच्या व्हेरिएबलांत तोच सगळ्यांवर मात करतो. तो नसेल तर एलसी_कोलेटसारखं त्या त्या कामाचं व्हेरिएबल, तेही नसेल तर लँग. लँग बदलून परिणाम दिसत नसेल तर वरचं कुणीतरी आधीच ठाण मांडून बसलेलं असतं.

सगळ्या साखळीला एकच किंमत द्यायची असेल तर मला कंसातलं उपशेल (शेलची तात्पुरती प्रत) आवडतं:

( एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी
सॉर्ट काल.यादी > काल.बाइट
सॉर्ट आज.यादी | कॉम -१३ काल.बाइट - )

एक्सपोर्ट म्हणजे पुढच्या सगळ्या कमांडना ते व्हेरिएबल देणं; कंस मिटला की तेही गेलं, बाहेर काही सांडत नाही. ताडून बघायला मराठी क्रम लागतही नाही. दोन्ही बाजूंना क्रम एकच असला म्हणजे पुरे. मराठी क्रम माणसांनी वाचायच्या यादीला.

८ जून

एक प्रश्न २ तारखेपासून मनात होता. क्रॉनमध्ये व्हेरिएबल नव्हतं हे कळलं. पण माझ्या टर्मिनलमध्ये ते आलं कुठून? बॅशआरसीत नाही, प्रोफाइलमध्ये नाही. सगळ्या लपलेल्या फाइली ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) चाळल्या. कुठेच नाही. नवी खिडकी उघडली तरी ते हजर.

मी दिवसभर टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलात अनेक खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असते. त्याच्या नव्या खिडक्या माझ्या आत्ताच्या शेलच्या पोटी जन्मत नाहीत, टीमक्सच्या सर्व्हरच्या पोटी जन्मतात. आणि सर्व्हर सुरू झाला तेव्हा त्याला जे मिळालं होतं ते तो वाटत राहतो. सर्व्हरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढून:

टीआर '\०' '\एन' < /प्रॉक/२१८७/एन्व्हायरन | ग्रेप सूची

सूची_क्रम=मराठी. तिथे होतं.

लिनक्समध्ये ही फाइल प्रोसेस सुरू होतानाचं एन्व्हायर्नमेंट दाखवते. पुढे प्रोग्रॅमने स्वतः केलेले बदल त्यात दिसतीलच असं नाही. पण मला नेमकं सुरुवातीचंच हवं होतं. फार पूर्वी कधीतरी सारणीची चाचणी घेताना मी एका शेलमध्ये ‘एक्सपोर्ट सूची_क्रम=मराठी’ म्हटलं असणार आणि त्याच शेलमधून टीमक्स सुरू केलं असणार. मशीन बंद पडलं नाही, सर्व्हरही नाही, आणि इतके दिवस प्रत्येक खिडकीला तो वारसा मिळत गेला.

म्हणजे माझ्या दिवसाच्या सगळ्या बरोबर याद्या एका विसरलेल्या एक्सपोर्टवर उभ्या होत्या. खरं बोलत होती ती रात्रीची यादी. आमच्या कामात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते: कमांडच्या ओळीत दिसत नाही, फाइलीत दिसत नाही, इतिहासातूनही केव्हाच सरून गेलेलं असतं, आणि तरी निकाल त्यावर ठरतो. तीच किंमत कमांडच्या पुढ्यात लिहिलेली असती तर ओळ वाचणाऱ्या कुणालाही ती दिसली असती.

साफसफाई: ‘टीमक्स सेट-एन्व्हायर्नमेंट -जी -यू सूची_क्रम’. आधीच्या खिडक्यांकडे त्यांची प्रत राहतेच, म्हणून त्या बंद करून नव्या उघडल्या. हाताने चालवलं. ळ वर. आता दिवस आणि रात्र दोन्ही सारखेच चुकतात, आणि मला तेच हवं होतं.

११ जून

दुरुस्ती. क्रॉनटॅबच्या माथ्यावर नाव=किंमत लिहिता येतं, पण तिथे डॉलर उलगडत नाही; ‘पाथ=$होम/बिन:$पाथ’ असं लिहिलं तर ती अक्षरं जशीच्या तशी पाथ होतात. कमांडच्या भागात लिहिलं तर चालतं, कारण तो भाग शेलकडे जातो. मात्र तिथे टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालायला डेटला दिलेला टक्का त्याने असाच तोडला होता, आधी उलटी तिरपी रेघ घालावी लागली.

एवढी पथ्यं पाळण्यापेक्षा क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग ठेवला. स्क्रिप्टमध्ये एक्सपोर्ट नाही. ज्या कमांडला जे लागतं ते तिच्याच पुढ्यात:

सूची_क्रम=मराठी "$होम/बिन/शब्दसूची" "$होम/मजकूर" > "$फाइल"

सुडोखाली (रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने) एकदा चालवावं लागलं. सुडो सहसा बहुतेक व्हेरिएबलं गाळूनच पुढे जातं, त्यामुळे सुडोच्या आधी लिहिलेलं पोचत नाही. ‘सुडो एन्व्ह सूची_क्रम=मराठी …’ असं नंतर लिहिलं की पोचतं.

१४ जून

वेगळंच दुखणं. वारंवारितेची चाचणी चार वेळा पास, पाचव्यांदा नापास. सारख्याच वेळा आलेले शब्द दर खेपेला वेगळ्या क्रमाने छापले जातात. पायथन ३.३ पासून मजकुराच्या हॅशमध्ये (शब्दापासून काढलेल्या आकड्यात) दर वेळी नवं बीज (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) मिसळतं, म्हणून सेटमधून (क्रम नसलेल्या संग्रहातून) शब्द बाहेर पडण्याचा क्रम प्रत्येक खेपेला बदलू शकतो. बीज बांधून टाकता येतं:

पायथनहॅशसीड=० पायथन३ चाचणी.पीवाय

सहकाऱ्याने हे प्रोग्रॅमच्या आत, पहिल्याच ओळीत ओएस.एन्व्हायरनमध्ये लिहून बघितलं. काही फरक नाही. पायथन आपलं बीज उठता उठता घेतं. आमची पहिली ओळ चालेपर्यंत उशीर झालेला असतो. एलडी_लायब्ररी_पाथचंही तसंच, तो लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा) सुरुवातीलाच वाचून घेतो. अशी व्हेरिएबलं उंबरठ्यावरच द्यावी लागतात, आत गेल्यावर नाही.

पण बीज ० वर बांधून चाचणी पास करणं म्हणजे दुखणं झाकणं. खरं औषध वारंवारिता सारखी असेल तेव्हा शब्दाच्या वर्णक्रमाने लावणं, ते केलं. मग उलट बाजूने तपासलं:

फॉर बी इन $(सेक १ २०); डू पायथनहॅशसीड=$बी पायथन३ चाचणी.पीवाय || इको "$बी नापास"; डन

वीस बीजं, एकही नापास नाही. इथला $बी बरोबर उलगडतो, कारण त्याची किंमत शेलकडे आधीपासूनच आहे. ५ तारखेच्या नोंदीशी ताडून बघावं.

१७ जून

सहकारी घरून विंडोजवर चालवतो. त्याच्याकडे ‘अनोळखी क्रम: मराठी’ असा संदेश. किंमत तर बरोबर दिसतेय! त्याची ओळ:

सेट सूची_क्रम=मराठी && शब्दसूची मजकूर

‘मराठी’ आणि दोन अँडच्या मधली मोकळी जागासुद्धा किमतीत जाते. सगळंच अवतरणात घातलं की सुटतं:

सेट "सूची_क्रम=मराठी" && शब्दसूची मजकूर

आणि हे त्या एका कमांडपुरतं राहत नाही, खिडकी बंद होईपर्यंत टिकतं. म्हणजे माझ्या टीमक्सचीच गत. एकाच खेपेपुरतं हवं तर वेगळं सीएमडी (विंडोजचं शेल) उघडून त्यातच सगळं:

सीएमडी /सी "सेट सूची_क्रम=मराठी&& शब्दसूची मजकूर"

पॉवरशेलमध्ये $एन्व्ह:सूची_क्रम = 'मराठी' असं लिहितात, तेही त्या सत्रभर राहतं; काम झालं की काढून टाकायचं.

संदेश बदलला. आता किंमत अवतरणचिन्हांत छापली जाते, म्हणजे शेवटची मोकळी जागा डोळ्यांना दिसेल. हे आधीच करायला हवं होतं.

२० जून

मजकूर ज्या डेटाबेसमधून येणार त्याचा पासवर्ड कसा द्यायचा, यावर चर्चा. ‘पास=… शब्दसूची’ असं टंकलं की तो शेलच्या इतिहासात जातो. एन्व्हने दिला तर आणखी एक फट: एन्व्हसाठी पास=… हे साधं आर्ग्युमेंट असतं, त्यामुळे पुढचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंतच्या क्षणभरात पीएसच्या (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत कुणालाही दिसू शकतं. शेलच्या पुढ्यात लिहिलेलं तसं आर्ग्युमेंटांत येत नाही, पण प्रॉकमधली ती एन्व्हायरन फाइल मालकाला आणि रूटला वाचता येतेच. शिवाय हा प्रोग्रॅम ज्यांना ज्यांना सुरू करेल त्या सगळ्यांकडे पासवर्डची प्रत जाणार. ठरलं: पासवर्ड ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) फाइलीत, एन्व्हायर्नमेंटमध्ये फक्त त्या फाइलीचा मार्ग.

बाहेरून आलेल्या किमतीवर किती विसंबायचं यावरून सप्टेंबर २०१४ चा शेलशॉक (बॅशमधली सुरक्षेची त्रुटी) निघाला. बॅश सुरू होताना व्हेरिएबलातून फंक्शनं उचलायचं आणि व्याख्येच्या पुढे चिकटलेल्या कमांडही चालवायचं. तेव्हा सगळीकडे फिरलेली तपासणीची ओळ एन्व्हचीच होती: एक्स नावाच्या व्हेरिएबलात फंक्शन आणि त्यामागे एक इको घालायचा, मग त्यासह बॅश सुरू करायचं, तो इको छापला गेला तर बॅश जुनं. आमचा प्रोग्रॅम किंमत फक्त ठरलेल्या नावांशी ताडतो, ती कुठेही चालवत नाही. सगळा कोड पुन्हा एकदा वाचून खात्री केली.

२३ जून

यादीच्या पहिल्या ओळीत प्रोग्रॅम आता स्वतःच छापतो: ‘क्रम: मराठी, सूची_क्रमवरून’. व्हेरिएबल नसेल तर ‘क्रम: कोडक्रमांक, काही दिलेलं नाही’. यादी कुणाच्याही हातात पडली तरी ती कुठल्या हवेत तयार झाली हे तिच्यावरच लिहिलेलं असेल.

आज तीन खेपा. माझ्या खिडकीत स्क्रिप्ट, ‘एन्व्ह -आय’ने, होम आणि पाथ एवढंच देऊन तीच स्क्रिप्ट, आणि क्रॉनने रात्री २:१५ ला केलेली यादी. तिन्ही फाइली सीएमपीने ताडल्या, एका बाइटचाही फरक नाही. ‘कवच’, ‘कसब’, ‘कहर’, आणि त्याखाली ‘कळस’.

उद्या क्ष आणि ज्ञ घ्यायचे. युनिकोडमध्ये त्यांना स्वतःचा क्रमांक नाही. क्ष म्हणजे क, हलंत, ष अशी तीन चिन्हं, त्यामुळे ‘क्षमा’ अजून क च्या घरातच बसली आहे.